भाऊबीजेला जावं की नको? (लस न घेणारा दादा आणि त्याच्याकडे राहणारी आई)

शेवंती | २० ऑक्टोबर २०२१, रात्री ११:४२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात असते, माहेर तासगावजवळच्या एका गावात. आई ७२ वर्षांची, साखर आहे, गुडघे गेलेत. ती दादा-वहिनीकडे असते. दादाचं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षाच्या पानावरचा डाग बघून कुणाच्या बागेत काय शिरलंय ते सांगतो. माणूस हुशार आहे. पण त्याने लस घेतली नाही आणि आईलाही घेऊ दिलेली नाही. साठीच्या पुढच्यांना १ मार्चपासून लस मिळतेय. ऑक्टोबर संपत आला.

कारण विचारलं की दर वेळी नवीन. आधी 'घाईत बनवलीय', मग 'डोसांमधलं अंतर सारखं का बदलतात', मग 'आम्ही रानातली माणसं, आम्हाला काय होतंय'. शेवटचं हुकमी पान म्हणजे वहिनीचे काका. एप्रिलमध्ये लस घेतली आणि बाराव्या दिवशी गेले. हे पान पडलं की पुढे कुणाला बोलता येत नाही.

गणपतीत घरच्या ग्रुपवर आमचं वाजलं. मी लिहिलं, तू आईच्या जिवाशी खेळतोयस. त्याने लिहिलं, 'आईला सांभाळतो मी, सल्ले देतेस तू', आणि ग्रुप सोडला. ते खरं आहे म्हणून जास्त लागलं.

आता ६ नोव्हेंबरला भाऊबीज. मुलगा ७ वर्षांचा, त्याला बाळदमा, आणि त्याच्या वयाला अजून लसच नाही. नवरा म्हणतो यंदा व्हिडिओ कॉलवर ओवाळ. नाही गेले तर दादा कायमचा तुटेल असं वाटतं, गेले तर पंधरा दिवस झोप लागणार नाही. तुमच्याकडे असं कुणी आहे का? काय केलंत?

---

कोकणी_फणस | २० ऑक्टोबर, रात्री ११:५८

जाऊ नका. एवढंच. माझ्या साडूने घेतली नाही, मी त्याच्या मुलाच्या मुंजीला गेलो नाही. बायको महिनाभर बोलत नव्हती, आता बोलते.

---

गवती_चहा | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

फणसराव, मुंज आणि भाऊबीज एक नव्हे हो.

शेवंती, माझी जवळची मैत्रीण नाशिकची. जूनमध्ये तिथे ते चुंबकाचं प्रकरण झालं होतं आठवतंय? लस घेतल्यावर अंगाला नाणी-चमचे चिकटतात म्हणून सगळ्या चॅनलवर. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी ते पाहिलं आणि दुसरा डोस नाही म्हणाले. ही पण हळूहळू त्यांच्याच बाजूने बोलायला लागली, एम.एस्सी. झालेली बाई! मी तेव्हा लस घेतलेली नव्हती, माझा नंबरच लागत नव्हता. व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोर मी दंडाला स्टीलचा चमचा लावला, चिकटला. जूनचा उकाडा आणि घाम, दुसरं काय. मग दंडाला पावडर चोळली, चमचा पडला. अंनिसवाले हेच सांगत होते.

ती हसली. वडील हसले नाहीत. ते म्हणाले, 'तू मला वेडा ठरवायला फोन केलास का?' तिथे माझं चुकलं हे मला चार दिवसांनी कळलं. मैत्रिणीने जुलैमध्ये घेतली, वडिलांचा दुसरा डोस अजून राहिलाच आहे.

---

घाटावरचा_डॉक्टर | २१ ऑक्टोबर, दुपारी २:३०

आज देशात १०० कोटी डोस झाले. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरांनी पेढे आणलेत, खात खात लिहितोय.

'लस न घेणारे' ही काही एक जात नाही. आमच्याकडे जे राहिलेत त्यातले पक्के विरोधक मोजके. बाकीचे कोण? कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. सुरुवातीला एकेक डोस मोलाचा, वाया घालवायचा नाही असं वरून बजावलेलं. मग सहा माणसं बसली असली की आम्ही सांगायचो, थांबा, अजून चार येऊ देत. चार आली नाहीत की सहा जण परत. खुरपणाची हजेरी बुडवून आलेली बाई दोनदा अशी परत गेली की तिसऱ्यांदा येत नाही. विचारलं तर 'मला नको लस' म्हणते. 'तुम्ही मला हाकललंत' असं डॉक्टरला तोंडावर कोण म्हणणार? शिवाय लस घेतली की दोन दिवस ताप, म्हणजे पुन्हा दोन हजेऱ्या गेल्या. ऊसतोडीच्या टोळ्या तर कोयता सोडून येणं शक्यच नाही.

दुसरं, घाबरणाऱ्याला 'काहीही होत नाही' असं सांगू नका. होतं. बहुतेकांना ताप-अंगदुखी, आणि अगदी क्वचित एखाद्याला गंभीर त्रास. रक्ताच्या गाठींच्या काही घटनांमुळे मार्चमध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांनी कोविशील्ड (तिकडचं नाव ॲस्ट्राझेनेका) काही दिवस थांबवली होती. आपण लपवलं की व्हॉट्सअॅप ते तिखटमीठ लावून उघडं करतं आणि मग आपल्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही. करोनाने ७२ वर्षांच्या मधुमेही बाईला असलेला धोका याच्या कैक पट मोठा आहे, हे त्यानंतर सांगा. आधी नाही.

वहिनींच्या काकांबद्दल: एप्रिल म्हणजे दुसरी लाट शिगेला. पहिल्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. बाराव्या दिवशी गेले म्हणजे लस घेण्याच्या दोन-चार दिवस आधी किंवा नंतर लागण झाली असण्याची शक्यता बरीच. पण कागद बघितल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही.

आणि ताई, एक उलटं बोलतो, राग मानू नका. दोन डोस घेतलेला माणूसही विषाणू घेऊन जाऊ शकतो. पुण्याहून एसटीने किंवा गाडीने तुम्ही जाणार, लस न घेतलेली आई तिकडे. तुमच्यामुळे आईला असलेला धोका दादामुळे मुलाला असलेल्या धोक्यापेक्षा कमी नाही. जायचं तर आधी चार-पाच दिवस गर्दी टाळा, सर्दी असली तर जाऊ नका, मोकळ्यावर बसा, मुक्काम करू नका.

---

टोळभैरव | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०५

मी ठाण्यात. लस घेतलेली नाही. आता या दगड घेऊन.

धागा वाचून मजा वाटली. आमच्याबद्दल सगळे बोलताहेत, आजारी गुरांबद्दल बोलावं तसं. म्हणून माझी कारणं लिहितो. कोवॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेचे आकडे हातात नव्हते. 'क्लिनिकल ट्रायल मोड', म्हणजे चाचणीसारखंच लक्ष ठेवत लस द्यायची, असा शब्द काढला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, असं रिलीज मी केलं असतं तर नोकरी गेली असती. कोविशील्डचं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मार्चमध्ये ६ ते ८, मेमध्ये १२ ते १६. शास्त्रीय कारण सांगितलं, पण तेव्हा लस कुठेच मिळत नव्हती हा योगायोग माझ्या डोळ्यांना दिसला. मला एप्रिलमध्ये करोना होऊन गेला, त्याची प्रतिकारशक्ती कुणी मोजत नाही. आणि १५ ऑगस्टपासून लोकलचा पास दोन डोसवाल्यांनाच. रोज ठाणे ते अंधेरी रस्त्याने जातो. पगाराचा चांगला लचका त्यात जातो आणि वर पुतण्याच्या बारशाचं बोलावणं 'चुकून' राहतं.

माझं चुकत असेल. पण मला कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांनी फक्त सांगितलंय.

---

घाटावरचा_डॉक्टर | २१ ऑक्टोबर, रात्री ९:२०

@टोळभैरव, जानेवारीच्या परवानगीबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त, तेव्हा आम्ही काही डॉक्टरही कुरकुरलो होतो. पण तेव्हाचे आकडे तेव्हा नव्हते, आता आहेत. टेस्टिंगवाला माणूस नवा बिल्ड आल्यावर जुन्याच बगवर अडून बसतो का? करोना होऊन गेल्याने काही संरक्षण मिळतं हे खरं, त्यावर एक डोस पडला तर ते आणखी पक्कं होतं. घ्या किंवा नका घेऊ, पण वरळी-परळमध्ये म्हातारी आत्या-मावशी असेल तर तिच्याकडे जाताना मास्क सोडू नका.

---

टोळभैरव | २१ ऑक्टोबर, रात्री ९:४१

बगचं उदाहरण आवडलं. बघतो. (बघतो म्हणजे बघतो, घेतो नव्हे.)

---

बोरीबंदर | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

शेवंतीताई, उत्तर तुमच्या दादाच्या दुकानातच आहे! ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी (द्राक्षावरची बुरशी) यायच्या आधी फवारणी करा, रोग दिसल्यावर करून उपयोग नाही, हे तोच शेतकऱ्यांना सांगत असणार. लस म्हणजे तेच की. ही भाषा वापरून बघा.

---

शेवंती | २२ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

वापरली होती हो, ऑगस्टमध्येच! मला वाटलं फार सुचलं. तो म्हणाला, 'फवारणी चुकली तर घड जातो. परत पुढच्या वर्षी येतो. माणूस येतो का?'

मी गप्प.

---

निवृत्त_सिस्टर | २२ ऑक्टोबर, दुपारी ४:००

मी ३४ वर्षं एएनएम (गावोगावची सरकारी नर्स) होते, आता नातवंडं सांभाळते. टायपिंग हळू आहे.

हे लसीला घाबरणं काही आजचं नाही. देवीची लस मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली, ॲना डस्टहॉल तिचं नाव, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे. हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तरी लोक भीत होतेच. त्याच साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात सोजीर घुसवले, तर सरकारी सुईवर कोण विश्वास ठेवणार? माझी आई सांगायची, देवी काढणारा गावात शिरला की बायका पोरं कणगीत लपवायच्या. आईच्या दंडावरचे वण मी बोटाने मोजायची.

पोलिओच्या वेळी मी स्वतः शिव्या खाल्ल्यात. एका घरात पाच वेळा गेले. पोरं पुढे वांझ होतील म्हणून दार लावून घ्यायचे. सहाव्या वेळी पोलिओचं काढलंच नाही, त्यांच्या सुनेचा बीपी तपासला, सातवा महिना होता. जाताना सासूच म्हणाली, 'आणलंय का ते थेंबाचं?'

शेवंती बाळ, तुझं सगळं लिहिणं मी दोनदा वाचलं. दादा काय म्हणतो ते आहे, तू काय म्हणतेस ते आहे, तुझा नवरा काय म्हणतो तेही आहे. आई काय म्हणते ते कुठेच नाही. तिला कुणी विचारलंय का?

---

गवती_चहा | २२ ऑक्टोबर, दुपारी ४:२२

सिस्टर __/\__

---

शेवंती | २३ ऑक्टोबर, रात्री १:०५

काल रात्री सिस्टरांचं वाचलं आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. नाही विचारलं. सात महिने मी दादाला विचारतेय की आईला कधी देणार. जणू ती त्याच्या दुकानातलं पोतं आहे.

---

एक_वाटसरू | २४ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये.

बाबा ६४ वर्षांचे होते. मार्चमध्ये मी त्यांची नोंदणी केली, ओटीपी त्यांच्या फोनवर गेला, त्यांनी सांगितलाच नाही. म्हणाले, 'पहिल्या दिवशी सिनेमा बघू नये, चार लोकांनी चांगला म्हटल्यावर जावं.' आम्ही सगळे हसलो. मीही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ऑक्सिजनचा बेड शोधत फिरलो, मिळाला तेव्हा उशीर झाला होता.

घरात 'त्यांची वेळ आली होती' असं म्हणतात. मी ते वाक्य आलं की उठून गॅलरीत जातो. मला बाबांचा राग येतो आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. भावाने अजून लस घेतलेली नाही. त्याच्याशी मी भांडत नाही. ताकदच नाही.

---

कोकणी_फणस | २४ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

वाटसरू, काही बोलत नाही. वाचलं.

---

मराठमोळी_एडिसन | २४ ऑक्टोबर, रात्री ८:१५

न्यू जर्सीहून. इकडेही हेच आहे, फरक इतकाच की इथे लस किराणा दुकानाच्या औषध-काउंटरवर चालत जाऊन मिळते आणि तरी लोक घेत नाहीत. आमच्या गणपती मंडळातलं एक कुटुंब घेत नाही. आम्ही नियम केला: बागेत भेटायचं, घरात नाही, आणि भेटल्यावर लसीचा विषय काढायचा नाही. आता थंडी सुरू झालीय, बागेत बसवत नाही. पुढे काय ते माहीत नाही.

---

शेवंती | ८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

गेले होते. लांबलचक लिहितेय.

मुलाला आणि नवऱ्याला पुण्यातच ठेवलं. आदल्या चार दिवसांत दिवाळीची गर्दी पूर्ण टाळली, फराळही घरीच. दादाला आधीच फोन करून सांगितलं की मुक्काम करणार नाही आणि ओवाळणी सोप्यात, दारं उघडी ठेवून. तो म्हणाला, 'पाव्हण्यासारखं?' मी म्हटलं, हो, यंदा पाव्हण्यासारखं. पाट मांडला, मास्क लावूनच ओवाळलं. त्यालाही मास्क लावायला सांगितलं तर लावला, हनुवटीवर. करंजी भरवायच्या वेळी दोघांनाही हसू आलं. लसीचं मी अवाक्षर काढलं नाही.

मग मागच्या पडवीत आई एकटी तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं, आई, तुला लस घ्यायचीय का? तिने सुपातला खडा काढला, टाकला आणि म्हणाली, 'घ्यायचीय की. मला कुणी नेलंच नाही.' गुडघ्यांमुळे तिला चालवत नाही, दादाला 'ने' म्हणायचं म्हणजे भांडण. म्हणून गप्प.

निघताना वहिनी भाजीची पिशवी द्यायला गाडीपर्यंत आली. तिथे ती जे बोलली ते मला आजवर माहीत नव्हतं. काकांना लसीला दादाच घेऊन गेला होता. ते नको म्हणत होते, यानेच समजावलं, मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याला नेलं. दोन तास रांगेत उभे होते. त्यानंतर चौथ्या दिवशी ताप आला. काकू अजून दादाशी बोलत नाहीत. वहिनी म्हणाली, 'ते लसीला भीत नाहीत ताई. आपल्या हाताला भितात.'

आणि मी त्याला काय लिहिलं होतं? आईच्या जिवाशी खेळतोयस.

---

निवृत्त_सिस्टर | ८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

घरोघर लसीकरणाची सरकारी मोहीम, हर घर दस्तक, सुरू झालीय. आशाताई यादी घेऊन घरोघरी फिरताहेत. गावच्या आशाताईचा नंबर वहिनीकडे असेलच. तिलाच सांग, दादाला मध्ये आणू नकोस. म्हणजे नेणारा हात त्याचा असणार नाही.

---

शेवंती | १० नोव्हेंबर, सकाळी ९:००

काल आईचा पहिला डोस झाला!! अंगणवाडीत सत्र होतं, घरापासून तीन घरं सोडून. आशाताई आणि वहिनीने दोन्ही बाजूंनी धरून नेलं. अर्धा तास तिथे बसवलं, आईने तिथल्या पोरांना गोष्ट सांगितली म्हणे. दादा दुकानात होता. रात्री जेवताना वहिनीनेच सांगितलं. तो काही बोलला नाही. पण रात्री दोनदा उठून आईच्या कपाळाला हात लावून गेला.

---

बोरीबंदर | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

अवांतर: औरंगाबादला आता एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल नाही, रेशन नाही. लोकांचं मत काय?

---

टोळभैरव | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

रेशन बंद म्हणजे गरिबाचीच मान पिरगळायची. माझ्यासारखा माणूस दुप्पट भाडं देऊन फिरतो, त्याला काय फरक पडतो?

---

घाटावरचा_डॉक्टर | १३ नोव्हेंबर, रात्री १०:००

असल्या आदेशांनी रांगा लागतात हे खरं, आणि मला आकडे हवेत हेही खरं. पण रेशनला हात लावणं मलाही पटत नाही. धमकीने आलेला माणूस दुसऱ्या डोसला येत नाही, आणि पुढे त्याच्या नातवाच्या गोवरच्या लसीलाही येत नाही. वेगळा धागा काढा, इथे शेवंतीताईंचं चालू द्या.

---

टोळभैरव | ६ जानेवारी २०२२, रात्री ९:००

घरात ओमायक्रॉनचा धुमाकूळ. मी सोडून सगळे पॉझिटिव्ह, त्यामुळे स्वयंपाक मी करतोय. कुणी टोमणा मारलेला नाही, पोळ्या तशा आहेत तरी. डॉक्टरसाहेब, सोमवारी पहिला डोस घेतोय. कारण विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही.

---

घाटावरचा_डॉक्टर | ६ जानेवारी, रात्री ९:४५

नाही विचारत. रिकाम्या पोटी जाऊ नका.

---

शेवंती | २ फेब्रुवारी २०२२, सकाळी ८:१०

आईचे ८४ दिवस काल भरले. मी आशाताईला फोन करणार होते, तोवर वहिनीचा मेसेज आला. या वेळी अंगणवाडीत सत्र नव्हतं, उपकेंद्रात होतं, दोन किलोमीटरवर. दादाने सकाळी दुकान उघडलंच नाही. गाडी पुसली, मागच्या सीटवर उशी बांधली आणि आईला म्हणाला, 'चल.' वहिनी मागून दुसऱ्या गाडीवर गेली. तो आत गेला नाही. आईला आत सोडून बाहेर लिंबाखाली उभा राहिला, अर्धा तास, फोनही न बघता.

त्याने स्वतः घेतली का, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

---

निवृत्त_सिस्टर | २ फेब्रुवारी, सकाळी ८:३५

आईला ताप आला का ग?

---

शेवंती | २ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

नाही सिस्टर. दंड ठणकतोय म्हणाली. दादाने कोल्ड्रिंकवाल्याकडून बर्फ आणून दिला, फडक्यात बांधून.